मदत हवी आहे: जुन्या इमारतीचा दर्शनी भाग आणि गच्चीवरील मोबाइल अँटेना

सप्रेम नमस्कार. आमची गृहनिर्माण संस्था मुंबईतील ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील, 1930च्या दशकातील आर्ट डेको (गोलाई आणि भौमितिक सजावटीची वास्तुशैली) इमारतींच्या रांगेत आहे. 2018 मध्ये या परिसराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून आम्ही साधी ग्रिल बदलतानाही दहा वेळा विचार करतो (गॅलरीचे गोलाकार कठडे मात्र गिलाव्याखाली कधीच बुजले, ही गोष्ट वेगळी).

आता एका दूरसंचार कंपनीने गच्चीवर अँटेना बसवण्याचा प्रस्ताव दिला असून, भाड्याच्या आशेने काही सभासद अनुकूल आहेत. 2023च्या दूरसंचार कायद्याखालील मार्गाधिकार नियम (दूरसंचार केबल, टॉवर उभारण्याच्या परवानगीचे नियम) 1 जानेवारी 2025 पासून लागू झाल्यामुळे महापालिकेची वेगळी परवानगी लागणारच नाही, असे कंपनीचा प्रतिनिधी सांगतो. मला हे पटत नाही, कारण मुंबईतील बांधकामांना लागू असलेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 मध्ये वारसा इमारतींसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. अँटेनाच्या किरणोत्सर्गाची भीती हा माझा मुद्दा नाही. देशातील मर्यादा 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. प्रश्न रस्त्यावरून दिसणाऱ्या आकाररेषेचा आहे.

अशा प्रस्तावाला मुंबई वारसा जतन समितीची संमती लागते का, आणि अर्ज संस्थेने करायचा की कंपनीने? केबल दर्शनी भिंतीऐवजी मागच्या डक्टमधून नेण्याची अट करारात कोणी घातली आहे का? सर्वसाधारण सभेच्या ठरावाचा मसुदा असल्यास कृपया पाठवावा. सभा पुढच्या रविवारी आहे.