‘मी चाललो’ म्हणजे ‘आय वॉक्ड’ का?

प्रश्न असा होता: ‘वॉक’सारखं नियमित क्रियापद इंग्रजीत चालवायचं कसं, आणि त्याचे बारा काळ लक्षात कसे ठेवायचे?

आधी ‘चालवणे’ आणि ‘नियमित’ हे दोन शब्द बघू. संस्कृतच्या तासाला ‘देव’ चालवतात, ‘गम्’ चालवतात, त्यातलंच हे चालवणे. शब्दाची सगळी रूपं ओळीने म्हणून दाखवायची. ‘नियमित’चा मात्र अनेकांना चकवा बसतो. नियमित क्रियापद म्हणजे रोजच्या वापरातलं नव्हे, तर ज्याचा भूतकाळ नुसता ‘ईडी’ जोडून होतो ते. उलट गो, कम, ईट, गिव्ह अशी रोज तोंडी असणारी बरीचशी क्रियापदं अनियमितच आहेत. मराठीतही ‘करला’ होत नाही, ‘केला’ होतं. जा-गेला, ये-आला, हो-झाला. सतत जिभेवर असलेले शब्द आपलं जुनं रूप सहसा सोडत नाहीत. अपवाद आहेतच. ‘हेल्प’चा भूतकाळ एकेकाळी ‘होल्प’ होता, तो ‘हेल्प्ड’ झाला. आणि भाषेत नव्याने येणारं क्रियापद जवळजवळ नेहमीच नियमित असतं, म्हणून ‘ईमेल्ड’, ‘गूगल्ड’.

‘वॉक’ची रूपं चारच आहेत: वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. आपल्या ‘चालणे’शी ताडून बघा. चालतो, चालते, चालतोस, चालतेस, चालतात, चालला, चालली, चालले, चालेन, चालशील, चालेल... पुरुष, लिंग, वचन सगळं क्रियापदाच्या अंगावर. इंग्रजीने हे ओझं जवळपास टाकून दिलंय. वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाला एक ‘स’ तेवढा उरला, आणि नेमका तोच आपण विसरतो. ‘ही वॉक’ असं लिहिलेलं मला वह्यांमध्ये इतकं दिसतं, की तपासताना डोळा आपोआप तिथेच जातो.

उच्चाराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे शाळेत क्वचितच सांगतात. ‘वॉक्ड’ असं लिहितात, पण बोलताना ते ‘वॉक्ट’ असतं. ‘वॉकेड’ तर कधीच नाही. क, प, स, श, च, फ अशा अघोष ध्वनीवर (म्हणजे उच्चारताना गळा थरथरत नाही अशा) धातू संपला की ‘ट’: वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. स्वर किंवा घोष ध्वनी (गळा थरथरतो असा) शेवटी असेल तर ‘ड’: प्लेड, कॉल्ड. आणि धातूच ‘ट’ किंवा ‘ड’ने संपत असेल तेव्हाच वेगळं अक्षर ऐकू येतं: वॉन्टिड, नीडिड. आपली वर्णमाला घोष-अघोष अशी मांडलेलीच असल्यामुळे मराठी माणसाला हा नियम चटकन कळायला हवा. (स्पेलिंगचं थोडक्यात: ‘स्टॉप’चा पी दोनदा येतो, ‘स्टडी’चा वाय जाऊन आय येतो, ‘प्ले’चा वाय जागचा हलत नाही, कारण त्याच्या आधी स्वर आहे.)

आता बारा काळ. तीन काळ गुणिले चार प्रकार (साधा, अपूर्ण म्हणजे चालू, पूर्ण, आणि पूर्ण-अपूर्ण एकत्र) हा हिशोब खरा, पण मूळ क्रियापदात बदल होऊन झालेले काळ दोनच: वॉक आणि वॉक्ड. भविष्यासाठी वेगळं रूपच नाही, ‘विल’ची मदत घ्यावी लागते. बाकी सगळं ‘बी’ आणि ‘हॅव’ सांभाळतात. म्हणजे पाठ करायला फार काही नाही. अडचण वेगळीच आहे: आपलं कोणतं रूप त्यांच्या कोणत्या रूपाला जुळतं?

हे एकाच शब्दात बघता येतं. बसलेला माणूस उठता उठता म्हणतो, ‘बरं, मी चाललो.’ रूप लाख्यात, म्हणजे भूतकाळाचं. माणूस मात्र अजून दारापर्यंतही पोचलेला नाही. इंग्रजीत इथे ‘आय अ‍ॅम लीव्हिंग’. हाकेला आपण ‘आलो, आलो!’ म्हणतो, तेही ‘आय अ‍ॅम कमिंग’. पण ‘काल मी दोन मैल चाललो’ हे सरळ ‘आय वॉक्ड’. आता ‘आज खूप चाललोय’ घ्या. आजचा दिवस संपलेला नाही आणि पाय अजून दुखताहेत, म्हणून ‘आय हॅव वॉक्ड’. आणि तेच ‘चाललोय’ जर ‘मी तिकडेच चाललोय’ असं आलं, तर पुन्हा ‘आय अ‍ॅम गोइंग’! रूप एक, अर्थ तीन-चार. संदर्भावरून आपण ते न चुकता ओळखतो. इंग्रजीत बोलताना मात्र ‘ला’ दिसला की ‘ईडी’ लावून मोकळे होतो.

उलट दिशेनेही तेच. ‘गेली दहा वर्षं मी रोज चालतो.’ मराठीत चोख वर्तमानकाळ. इंग्रजीत सुरुवात मागे झाली आणि आजवर चालू आहे, म्हणून ‘आय हॅव वॉक्ड एव्हरी डे फॉर टेन इयर्स’ म्हणावं लागतं. मात्र ‘काल’ असा नेमका वेळ सांगितला की ‘हॅव’ चालत नाही. ‘आय हॅव मेट हिम यस्टरडे’ ही चूक चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्यांकडूनही होते.

‘डिड यू वॉक्ड?’ का चुकतं, असंही विचारलं होतं. भूतकाळ वाक्यात एकदाच दाखवायचा. तो ‘डिड’ने उचलला की क्रियापद मूळ रूपात राहतं: डिड यू वॉक, आय डिडन्ट वॉक. मराठीत ‘चाललास का?’ म्हणताना ‘का’वर काळाचा भार नसतो, त्यामुळे ही सवय आपल्याला मुद्दाम लावून घ्यावी लागते.

राहता राहिला रीतिकाळ, म्हणजे सवय सांगणारा काळ. मराठी व्याकरणात साधा, अपूर्ण, पूर्ण यांच्या जोडीला चौथा प्रकार रीती; इंग्रजीच्या तक्त्यात त्या जागी पूर्ण आणि अपूर्ण यांची जोडगोळी आहे. म्हणून ‘मी रोज चालत असे’ त्या बारा घरांत शोधलं तर नेमकं घर सापडत नाही. त्यासाठी ‘आय यूज्ड टु वॉक’. यातलं ‘यूज्ड’ही नियमितच, फक्त या अर्थाने आलं की त्याचा उच्चार ‘यूस्ट’ होतो.