एका डोळ्याची नजर गेली, बाबांना अंतराचा अंदाज येत नाहीये

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. माझे बाबा टेलर आहेत, वय ६१, कराडला छोटं दुकान आहे. फेब्रुवारीत डाव्या डोळ्याचा पडदा सरकला, ऑपरेशन झालं पण आम्ही दवाखान्यात जायलाच उशीर केला आणि आता त्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळतो. उजवा चांगला आहे, चष्मा लावून बारीक अक्षरं वाचतात. मग अडतंय कुठे तेच कळेना. सुई ओवायला घेतली की दोरा कधी सुईच्या पुढून जातो कधी मागून, किटलीतला चहा कपाच्या अलीकडेच पडतो, जिना उतरताना शेवटच्या पायरीला पाय चाचपतात. पण मशीनवर शिलाई अगदी सरळ येते, खडूने आखलेलंही चुकत नाही! परवा गिऱ्हाईकासमोर चारदा दोरा हुकला तर काही न बोलता आत जाऊन बसले, मला बघवलं नाही. एका डोळ्याने अंतर कळतच नाही का? हे सुधारतं का? आणि स्कूटर चालवू द्यावी का?

सह्यकडा:
वाईट वाटलं वाचून. एका डोळ्याने सगळं फोटोसारखं सपाटच दिसणार ना, त्याला काय इलाज. काकांना सुईकाम आता दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगा.

आडवाट:
सपाट दिसतं हे बरोबर नाही. दादा तुम्ही स्वतः करून बघा, हात लांब करून अंगठा धरा आणि एकदा डावा एकदा उजवा डोळा मिटा, अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं म्हणून दोघांना थोडं वेगळं चित्र दिसतं आणि मेंदू त्या फरकावरून काय पुढे काय मागे ते ठरवतो. चार्ल्स व्हीटस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली हे आरशांच्या साध्या यंत्राने दाखवून दिलं, कागदावरच्या दोन साध्या रेघांच्या आकृत्या, डाव्या डोळ्याला एक उजव्याला एक, बघणाऱ्याला मात्र एकच भरीव वस्तू समोर दिसायची.

आता तुमच्या बाबांचं. हा फरक अंतर वाढलं की फार झपाट्याने कमी होतो. दोन वस्तूंमधली तीच फट दुप्पट लांब नेली की फरक पाव उरतो. म्हणजे दुसऱ्या डोळ्याचा खरा उपयोग हाताच्या टप्प्यातल्या कामाला, आणि सुई-दोरा, किटली-कप सगळं तिथलंच. शिलाई सरळ येते कारण कापड मशीनवर सपाट पसरलेलं असतं, तिथे पुढे-मागे काही ओळखायचंच नसतं.

बाकी अंतर एका डोळ्यालाही कळतं. कोण कोणाला झाकतंय, लांबची वस्तू किती लहान दिसते, सावली कुठे पडलीये. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे हालचाल, एसटीच्या खिडकीतून जवळची झाडं सरसर मागे जातात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही, तसंच. बाबांना सांगा, हात पुढे करायच्या आधी डोकं थोडं डावीकडे-उजवीकडे हलवायचं. जी वस्तू जास्त सरकली ती जवळची.

रातराणी:
माझा उजवा डोळा लहानपणापासून अधू आहे, आळशी डोळा म्हणतात तो, वेळेत पट्टी लावली नाही. मला दोन डोळ्यांनी बघणं कसं असतं हेच माहीत नाही त्यामुळे चुकल्यासारखंही वाटत नाही, भाकऱ्या थापते, रांगोळी काढते. काकांचं वेगळं आहे, ६१ वर्षांची सवय एकदम गेली, हात जुन्याच हिशोबाने पुढे जातो. वेळ द्या त्यांना, काही महिन्यांत हात शिकतो.

सुईसाठी माझी पद्धत सांगते. दोन्ही हात हवेत सुटे धरायचेच नाहीत, दोन्ही मनगटं किंवा करंगळ्या एकमेकींना टेकवायच्या, मग दोरा सुईपासून किती लांब आहे ते हातालाच कळतं. मागे पांढरा कागद ठेवा. शिवणाच्या सामानात दोरा ओवायची पातळ तार मिळते ती आणा. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवायची. पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारून घ्या, निदान शेवटच्या पायरीला तरी.

पव्हेलियन_एंड:
काकांच्या वयाच्या माणसाला पतौडी नक्की आठवतील. मन्सूर अली खान पतौडींचा जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये होव्हला कार अपघात झाला, काच घुसून उजव्या डोळ्याची नजर गेली, तेव्हा ते वीस वर्षांचे होते. त्यांनीच लिहून ठेवलंय की जगमधून ग्लासात पाणी ओतायला गेलं तर ते टेबलावर पडायचं. म्हणजे अगदी काकांसारखंच! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळले, पुढच्या महिन्यात मद्रासला १०३ काढले आणि मार्च १९६२ मध्ये एकविसाव्या वर्षी भारताचे कॅप्टन झाले. एकूण ४६ कसोट्या. फास्ट बोलिंग एका डोळ्याने खेळायची म्हणजे काय ते विचार करा. काकांना सांगा हे, माझी विनंती आहे.

आडवाट:
स्कूटरचं राहिलं. लांबचा अंदाज बराचसा शाबूत असतो, पण त्यांना आता डावीकडचं कमी दिसतंय आणि रस्त्याच्या कडेने चालणारी माणसं त्याच बाजूला येतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि आरटीओत विचारल्याशिवाय किल्ली देऊ नका. आणि उजवा डोळा आता एकुलता एक आहे हो, घरातून निघताना पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या काचेचा चष्मा पाहिजेच, आणि चमकल्यासारखं वाटलं, काळे ठिपके वाढले किंवा कडेने पडदा आल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. स्कूटर सध्या बंद, मीच सोडतो दुकानात. रातराणीताई, तुमची करंगळीची पद्धत काल रात्री बाबांना दाखवली, तिसऱ्या वेळेला दोरा गेला, मग त्यांनी तो काढला आणि परत ओवला, असं चार-पाच वेळा केलं. पतौडींचं वाचून दाखवलं तर म्हणाले मला माहितीये, रेडिओवर ऐकायचो आम्ही, पण पाण्याच्या ग्लासाचं परत वाच. चहा आज सकाळी त्यांनीच ओतला, किटली कपाला टेकवून.