मदत हवी आहे: केंटमधलं आयटम मोट, सासू-सासऱ्यांसोबत

नमस्कार मंडळी,
सासू-सासरे सध्या लंडनला आमच्याकडे आलेत. सासरे इतिहासवेडे, जंजिऱ्यापासून नळदुर्गापर्यंत सगळं पालथं घातलेलं. त्यांना केंटमधलं आयटम मोट दाखवायचं मनात आहे. साधारण १३२० च्या सुमाराचा वाडा, चारही बाजूंनी पाण्याचा खंदक, १९८५ पासून नॅशनल ट्रस्टकडे (जुन्या वास्तू जपणारी इथली संस्था). अंगणात व्हिक्टोरियन काळातलं कुत्र्याचं घर आहे, तेही ग्रेड वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं संरक्षित! सासऱ्यांना ते कळल्यापासून हसू आवरत नाहीये.

अडचण सासूबाईंच्या गुडघ्यांची. वाड्यातल्या चॅपलचं (प्रार्थनागृहाचं) ट्यूडर काळातलं रंगवलेलं छत वरच्या मजल्यावर आहे, ते त्यांना बघायचंच आहे. जिने किती अरुंद आहेत? कठडा दोन्ही बाजूंना आहे का? मध्ये कुठे टेकायला जागा मिळते का?

आमच्याकडे गाडी नाही. बरो ग्रीनपर्यंत ट्रेनने जाऊ, पण तिथे टॅक्सी आयत्या वेळी मिळते की आधीच सांगून ठेवावी लागते? परतीचं काय करता? आणि हो, दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. तिथल्या कॅफेत काही मिळेल, की मी सरळ मेथीचे ठेपले बांधून नेऊ?

वयस्कर मंडळींना घेऊन कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा. पुढच्या आठवड्यात मधल्या वारी जायचा बेत आहे.