अनुभव धागा : भाताशिवाय फ्राईड राईस – फ्लॉवरचा, कोबीचा, तुमचा कसा होतो?

गंगावेसकर

काल खाऊगल्लीतून जाताना चायनीजच्या गाडीवर कढईत झारा आपटल्याचा आवाज आला आणि कॉलेजच्या वेळची हाफ प्लेट आठवली. आता घरात भात मोजून खाणारी मंडळी आहेत, म्हणून धागा काढतोय. किसलेल्या फ्लॉवरचा व्हेज फ्राईड राईस, अर्ध्या तासात होणारा. आधी माझं प्रमाण देतो, मग तुम्ही भर घाला, चुकतंय तिथं ठोका.

दोघांसाठी : निवडलेले तुरे ४०० ग्रॅम (पानं-दांड्यासकट ७००-८०० ग्रॅमचा गड्डा घ्या), फरसबी ८-१० शेंगा, ढबू (सिमला मिरची) १ लहान, बारीक चिरलेला कोबी १ वाटी, कांद्याची पात ४-५ काड्या, लसूण ६-७ पाकळ्या, आलं अर्धा इंच, हिरव्या मिरच्या २, तेल २ मोठे चमचे, सोया सॉस २ छोटे चमचे, व्हिनेगर १ छोटा चमचा, मिरपूड अर्धा चमचा. मीठ चव बघून, अगदी शेवटी.

बटाट्याचा कीस करतो त्या मोठ्या भोकांच्या किसणीवर फ्लॉवर किसायचा. कोरड्या पंचावर १५ मिनिटं पसरायचा, तोवर बाकीची चिराचिरी उरकते. लोखंडी कढई चांगली तापवून निम्म्या तेलात नुसता कीस मोठ्या आचेवर ३-४ मिनिटं परतायचा आणि परातीत काढून पसरायचा. उरलेल्या तेलात लसूण-आलं-मिरची १५-२० सेकंद, मग फरसबी २ मिनिटं, ढबू आणि कोबी १ मिनिट. कीस परत आत, सोया सॉस कढईच्या कडेनं सोडायचा, व्हिनेगर, मिरपूड, पात, गॅस बंद. झाकण कुठल्याच टप्प्यावर नाही.

ढबू_मिरची

वेगळा परतून काढायचं सांगितलंत ते बरं केलंत. बहुतेक ठिकाणी सगळं एकदम कढईत लोटतात आणि मग "उपमा झाला" म्हणून रडतात.

कारण साधं आहे. फ्लॉवरमध्ये ९२ टक्के पाणी. कढई गच्च भरली की तळाची उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते, वाफ वरच्या थरात अडकते आणि कीस शिजतो, भाजला जात नाही. कान देऊन ऐका : कीस टाकल्यावर चर्रर्र आवाज यायला हवा. तो बसला आणि फसफस सुरू झाली की पाणी सुटलं समजा. तेव्हा हलवत बसू नका, कीस कडेला सारून मध्ये मोकळी जागा करा, पाणी तिथं उडून जातं. घरातल्या शेगडीवर ४०० ग्रॅम दोन घाण्यात करा. गाडीवरच्या भट्टीची आच आपल्याकडं नाही, मान्य करायचं.

आणि मीठ शेवटी का? आधी घातलं की मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. सोया सॉसही खारटच, तोही शेवटीच.

पाचगाव_फाटा

तांबड्या रश्श्याबरोबर चालतंय काय 😄

गंगावेसकर

चालतंय की भावा, पण रस्सा वाटीत घेऊन प्यायचा. वर ओतलास की लापशी.

किसणीवाल्या_काकू

किसणीचं ठीक, पण दोन गड्डे किसायचे म्हणजे हात भरून येतात. मिक्सरवर करायचा तर असा : भांडं ठणठणीत कोरडं, तुरे सुपारीएवढे, भांड्याचा तिसरा हिस्साच भरायचा. बटण उलट्या बाजूला एक-एक सेकंद, चार-पाच वेळा. मध्ये एकदा भांडं हलवून वरचे तुकडे खाली आणा. एक सेकंद जास्त झाला की खालचा लगदा होतो आणि वरचे तुरे तसेच राहतात. लगदा झालाच तर राईस करायचा हट्ट नको, अंडं घालून धिरडं घालावं.

दांडे टाकू नका हो. वरची जाड साल सोलली की आतला गर कोवळा असतो, फरसबीएवढा चिरून भाज्यांत घाला. कुरकुरीत लागतो.

सासूबाई_ऑनलाइन

अळ्यांचं काय करता? किसल्यावर दिसायच्या नाहीत.

किसणीवाल्या_काकू

किसायच्या आधीच बघायचं ताई. तुरे सुटे करून कोमट पाण्यात मीठ-हळद घालून १० मिनिटं बुडवायचे, अळ्या वर येतात. मग धुऊन चाळणीत उपडे ठेवायचे, देठ वर. निथळून पंख्याखाली तासभर तरी. घाई असेल तर आदल्या रात्री हे उरकून सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. किसल्यावर धुवायचं नाही, तो कीस मग कितीही परता, ओलाच राहतो.

कोरडा झाला का बघायचं तर मूठभर कीस दाबा. तळहात ओला लागला तर कापडात बांधून पिळा. पावसाळी फ्लॉवर असला तर पिळावाच लागतो. थंडीतला घट्ट पांढरा गड्डा असला तर नुसतं पसरून भागतं.

रंकाळा_संध्याकाळ

कपिलतीर्थाला सकाळी फ्लॉवर कसा होता कुणी पाहिला का? आज बाजाराला जायचंय.

मोजून_मापून

प्रमाणात मटार आणि मका नाही हे बघून बरं वाटलं. लो कार्ब म्हणून फ्लॉवर घ्यायचा आणि वर वाटीभर स्वीट कॉर्न, हा प्रकार फार चालतो. कच्च्या भाजीचे १०० ग्रॅममागे कार्ब्स (कर्बोदकं, ग्रॅममध्ये) ढोबळ मानानं :

फ्लॉवर ५, ढबू ५, कोबी ६, फरसबी ७, कांदा ९, गाजर १०, मटार १४, मका १९. शिजलेला पांढरा भात २८.

म्हणजे ४०० ग्रॅम फ्लॉवरमध्ये २० ग्रॅम, त्यातले ८ फायबर. दोघांत वाटला तर माणशी १०. तेवढ्याच, २०० ग्रॅम भातात ५६. गाजर रंगापुरतं अर्धं घाला, मटार सोडा.

खरा घोळ बाटल्यांत असतो. टोमॅटो केचपमध्ये १०० ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम कार्ब्स, बहुतेक साखर. तयार शेजवान चटणी आणि गोडसर चिली सॉसची बाटली उलटी करून घटक वाचा, साखर आणि कॉर्नफ्लोअर किती वर आहे ते बघा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, वर जे असेल ते जास्त. लाल रंग आणि तिखट हवं तर भिजवलेल्या लाल मिरच्या लसूण-व्हिनेगर घालून वाटा, काम होतं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

वाटायच्या कशाला, घरातली कांदा-लसूण चटणी आहे की. कोल्हापुरात राहून शेजवान शोधायची म्हणजे कमालच.

ढबू_मिरची

@शाहूपुरी, चटणी भारीच, पण तापलेल्या कढईत टाकली की पाच सेकंदात करपते आणि घरभर ठसका. तिच्यात सुकं खोबरं, तीळ, तळलेला कांदा असतो, लगेच काळं पडतं. भाज्या परतून झाल्या की आच कमी करा, एक छोटा चमचा चटणी घाला, कीस वर, मग पुन्हा आच मोठी. चटणीत मीठ असतंच, तेव्हा सोया सॉस निम्मा. व्हिनेगरऐवजी लिंबू. हा प्रकार चायनीज राहत नाही, पण खाणाऱ्याची तक्रार येत नाही.

बीपीवाला

सोया सॉसचं कुणीच बोलत नाही. एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत. वर दिलेलं दोघांना दोन छोटे चमचे ठीक, पण रंग येईना म्हणून बाटली वाकडी करत राहिलं तर मीठच खाल्लं. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी पण बघा, साध्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो.

पाचगाव_फाटा

आणि अजिनोमोटो? का नाव काढलं की धागा बंद 🤐

बीपीवाला

मिठात सोडियम ३९ टक्के, अजिनोमोटोत १२. चिमूटभर घालून मीठ कमी केलं तर एकूण सोडियम उतरतं. भांडायचं असेल तर वेगळा धागा काढ, इथं भाजी शिजू दे.

हिरवी_पात

पोट भरत नाही ही तक्रार येते कारण त्यात प्रोटीन फारसं नसतं. नुसता फ्लॉवर खाऊन दोन तासांनी चिवड्याचा डबा उघडला जाणारच.

अंडी : माणशी २. कीस परतायच्या आधी गरम तेलात फोडून मऊसर ढवळून बाहेर काढायची, शेवटी परत घालायची. किसावर फोडली तर ती चिकटून गोळे होतात.

पनीर : माणशी ७५ ग्रॅम, बोराएवढे तुकडे, कोरडे पुसून थोड्या तेलात दोन बाजू लाल करून घ्या. शेवटी मिसळा, नाहीतर चुरा.

टोफू : कापडात गुंडाळून वर पोळपाट आणि त्यावर पाण्याचा तांब्या, २० मिनिटं. पाणी निघाल्याशिवाय तो भाजतच नाही.

रंकाळा_संध्याकाळ

पोळपाटाची आयडिया भारी. आमच्या इथं टोफू मिळत नाही पण पनीर दाबायला पण चालेल ना?

हिरवी_पात

मऊ, ताजं असेल तर चालेल, १० मिनिटं बास.

नॉनस्टिक

लोखंडी कढई नसेल तर? आमच्याकडं नॉनस्टिकच आहे.

गंगावेसकर

चालते, पण रिकामी तापवत ठेवू नका. २६० अंशांच्या वर तिचा थर खराब व्हायला लागतो आणि रिकामं भांडं तिथं पटकन पोचतं. तेल घालूनच गॅस लावा, कीस आणखी थोडा-थोडा, तीन घाण्यात. भाजल्याचे डाग कमी पडतील, सुटसुटीत मात्र होईल. इंडक्शनवाल्यांनी पसरट सपाट तळाचा लोखंडी तवा घ्या, गोल बुडाची कढई तिथं तापत नाही.

तेलाचं राहिलं. घाण्यावरचं शेंगतेल लवकर धुरतं आणि त्याचा वास सोया सॉसशी भांडतो. या एका पदार्थाला रिफाइंड बरं. घाण्याचं वापरायचंच तर चटणीवाल्या प्रकाराला वापरा, तिथं वास शोभतो.

आजऱ्याची_लेक

भात पूर्ण सोडणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी मधला रस्ता : ३०० ग्रॅम फ्लॉवर + १०० ग्रॅम शिजलेला भात, दोघांत. दोन्हींचे मिळून माणशी २१-२२ ग्रॅम कार्ब्स. भात आदल्या दिवशीचा, फ्रिजमधला गार. शिजवल्यावर पसरून लवकर गार करायचा आणि तासाभरात फ्रिजमध्ये, रात्रभर ओट्यावर ठेवलेला नको. कीस परतून झाल्यावर भात मोकळा करून घालायचा.

आणि कृपा करून यात घनसाळ घालू नका. तो मऊ आणि वासाचा तांदूळ, गरम आमटीबरोबर खायचा. सोया सॉसमध्ये त्याचा वासही जातो आणि गिचका होतो तो वेगळाच. कोलम घ्या.

मोजून_मापून

@आजऱ्याची_लेक +१, विशेषतः घनसाळबद्दल.

एक महत्त्वाचं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर एकदम भात-चपाती कमी करून डोस तोच ठेवू नका. साखर खाली जाते, घाम, थरथर, चक्कर. आधी डॉक्टरांशी बोला.

सासूबाई_ऑनलाइन

हे बरं सांगितलंत. कोबीचा नुसता केला तर? फ्लॉवर महागला की.

किसणीवाल्या_काकू

होतो. किसायचा मात्र नाही, किसला की रस सुटतो. सुरीनं आधी लांब पातळ, मग आडवा, साबुदाण्यापेक्षा थोडा मोठा. बाहेरची हिरवी पानं आणि मधला दांडा काढून. मोठ्या आचेवर दोन-अडीच मिनिटं पुरे, कच्चट राहिला तरी चांगला. जास्त शिजवला की तो उग्र वास येतो. फ्लॉवरलाही तेच, सहा-सात मिनिटांच्या वर कढईत ठेवला की गंधकाचा वास घर सोडत नाही. नंतर व्हिनेगर ओतून वास जात नाही, वेळेवर गॅस बंद करणं एवढंच.

डबेवाली_आई

डब्याला देता येतो का? सकाळी ७ ला भरायचाय.

ढबू_मिरची

गरम भरून झाकण लावलं तर दुपारी तळाला पाणी. ताटात १० मिनिटं उघडा पसरा, वाफ गेली की भरा. पात आणि ढबू कमी घाला, त्यांनाच पाणी सुटतं. सकाळची घाई असेल तर रविवारी कच्चा कीस पिळून ३००-३०० ग्रॅमच्या पिशव्या भरा, चपट्या थापून फ्रीझरला. वापरताना वितळवायचा नाही. लादी हातानं मोडून थेट तापलेल्या तेलात, दोन मिनिटं जास्त परता. वितळवला की सगळं पाणी कढईच्या आधी ओट्यावरच.

डबेवाली_आई

थँक्यू! फ्रीझरमध्ये सध्या मटार भरलाय सगळा, आधी तो संपवते 🙈

मोजून_मापून

यात घालून नको संपवू!

रंकाळा_संध्याकाळ

कपिलतीर्थाचं कुणी सांगितलंच नाही. जाते आता. पानं हिरवी ताठ असली की गड्डा ताजा ना?

किसणीवाल्या_काकू

हो, आणि तुऱ्यांवर काळे-पिवळे ठिपके नकोत. बोटानं दाबून बघ, तुरे हलले तर सोड. पानं काढून टाकू देऊ नकोस, कोवळी असतील तर लसणाच्या फोडणीवर परतून भाजी होते.