मदत हवी आहे : वहिनी झोपत नाही, गोळी सुचवा

कळवेकर : अडीच महिने झाले. घर रुळांना लागून. लोकलचा भोंगा वाजला की वहिनी कान दाबून खाली बसते. रात्रभर जागी. झोपेची कोणती गोळी देऊ? लवकर सांगा, मावशी उद्याच तिला देवदर्शनाला न्यायचं म्हणतायत.

पामबीच : गोळीचं नाव इथे कुणीही देऊ नका. अडीच महिने कशाला झाले? घरात कोण कोण आहे?

कळवेकर : अहो, दादा लोकलमधून पडला. घरात वहिनी, सात वर्षांची पुतणी, मी, आई. आता गोळीचं सांगा.

कोपरीचा : अरेरे. ओळख पटवायला कोण गेलं होतं?

कळवेकर : वहिनीच. मी पुण्याहून पोचेपर्यंत पोलीस तिला घेऊन गेले होते. डब्याच्या पिशवीवरून ओळखलं तिने.

कोपरीचा : मग तिच्या डोळ्यांसमोरून ते जात नसणार. माझ्या बहिणीचं असंच झालं होतं. आम्ही 'विसर आता' म्हणत राहिलो आणि ती आमच्याशी बोलायचीच थांबली. असं महिन्याच्या वर टिकलं तर पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर होणारा मानसिक आजार, आहे का ते मानसोपचारतज्ज्ञांनी बघायला हवं. गोळी लागली तर तेच देतील.

घोडबंदर९५ : इगतपुरीला विपश्यनेला पाठवा. दहा दिवस मौन. माझी आई पूर्ण सावरली.

पामबीच : तुमचे वडील कसे गेले होते?

घोडबंदर९५ : दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते.

पामबीच : तिथे निरोपाला वेळ मिळाला होता. हिला सकाळी डबा दिल्यावर थेट शवागार दिसलं. दहा दिवस गप्प बसवून त्याच चित्रासमोर एकटी ठेवायची का?

घोडबंदर९५ : अनुभव सांगितला, सक्ती नाही केली.

दिवास्लो : रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलमध्ये दावा टाका. मृत्यूची भरपाई ८ लाख, मुदत एक वर्ष. पास जपून ठेवा.

कळवेकर : पैशाचं कोणी विचारलं?

दिवास्लो : रागावू नका. माझ्या वडिलांचा पास आम्ही कपड्यांबरोबर टाकून दिला होता.

पामबीच : पुतणीला काय सांगितलंय?

कळवेकर : बाबा गावाला गेलेत.

पामबीच : शाळेत कुणीतरी बोलेलच. 'बाबा वारले, ते परत येणार नाहीत' असं तुम्हीच जवळ घेऊन सांगा. नाहीतर ती वाट बघत राहील. आणि तुमचाही भाऊ गेलाय. तुम्ही झोपता का?

कळवेकर : माझं राहू दे.

(दोन दिवसांनी)

कळवेकर : टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन केला. मराठीत बोलले, घाई केली नाही. मंगळवारी ठाण्यात डॉक्टरांकडे जातोय. मावशींना थांबवलं. वहिनीला पहिल्यांदाच विचारलं, तुला काय हवंय? म्हणाली, "भाऊजी, हॉलमधला दिवा रात्रभर राहू दे. आणि तो डबा कुणी घासू नका." मावशी घासायलाच घेत होत्या.

एक विचारायचंय. रिक्षाने गेलो तरी कळवा पुलावरून रेल्वेचा पूल दिसतो. दुसरा रस्ता?

कोपरीचा : विटाव्याकडून गेलात तरी रेल्वेच्या पुलाखालूनच जावं लागतं. निघण्याआधी तिला सांगा की पूल दिसेल. कोणत्या बाजूला बसायचं, ते तिलाच ठरवू दे.