मदत हवी आहे: अँजिओप्लास्टीनंतर बाबांनी पहाटे चालावं की संध्याकाळी?

गोदाकाठची: बाबा ६७ वर्षांचे. डिसेंबरात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट. डॉक्टर म्हणाले रोज चाला. किती वाजता, ते आम्ही विचारलंच नाही. बाबा पूर्वीसारखेच पहाटे पाचला निघतात. नाशिकला सध्या ९-१० अंश आहे. अटॅक सकाळीच जास्त येतात असं वाचलं. संध्याकाळी न्यायचं का? उद्या पुन्हा निघतील, त्याआधी कुणीतरी स्पष्ट सांगा. काढे-चूर्णं नकोत.

तळजाईवाला: पहाटेच. माझी बायपास २०११ ची. तेव्हापासून साडेपाचला टेकडीवर असतो. संध्याकाळी गाड्या आणि धूर.

सुमनताई: दादा, तुम्हाला मानवलं म्हणून सगळ्यांना मानवेल असं नाही. मी २८ वर्षं आयसीसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, नर्स होते. गोदाकाठची, अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली की नुसता ब्लॉक सापडला? ईएफ, म्हणजे हृदयाची रक्त पंप करायची टक्केवारी, किती? शुगर? गोळ्या कधी घेतात? चालताना छातीत काही होतं का?

गोदाकाठची: अटॅक आला होता. ईएफ ४५. शुगर आहे. रिकाम्या पोटी जातात, आल्यावर चहा आणि गोळ्या. पण माझा प्रश्न वेळेचा आहे!

पावलं_मोजा: स्मार्टवॉच घ्या. रोज १०,००० पावलं झाली की वेळ कुठलीही चालते.

सुमनताई: महिन्याभरापूर्वी अटॅक आलेल्या माणसाला १०,००० चा आकडा देऊ नका.
वेळेचं सांगते. पहाटे उठल्यावर बीपी आपसूक चढतं, रक्त गोठायची प्रवृत्तीही तेव्हा जास्त असते. म्हणून सकाळी सहा ते बारा अटॅकचं प्रमाण जास्त. याचा अर्थ सकाळी चालल्याने अटॅक येतो असा नाही. तुमच्याकडे अडचण थंडीची आहे. गार हवेत रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावरचा भार वाढतो, त्यात पोट रिकामं आणि गोळ्या राहिलेल्या. ऊन पडल्यावर, आठ-साडेआठला, थोडं खाऊन जाऊ दे. संध्याकाळही चालेल, फक्त भरपेट जेवणानंतर दीड-दोन तास नको. सपाट रस्ता. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागली तर वेग जास्त झाला. सुरुवातीची आणि शेवटची ५-१० मिनिटं सावकाश.

वऱ्हाडी_माणूस: 'ऊन पडल्यावर' हे नाशिकच्या जानेवारीत ठीक. आमच्या नागपुरात मे महिन्यात आठला बाहेर पडवत नाही, तेव्हा सहाच बरे.

वनौषधी: अर्जुनसाल दुधात उकळून द्या, वेळेचा प्रश्नच उरणार नाही.

वऱ्हाडी_माणूस: त्यांनी नको म्हटलंय ना? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणार, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये.

सुमनताई: छातीचं उत्तर राहिलं.

गोदाकाठची: काही होत नाही म्हणतात. पण आई आठवडाभर सोबत जातेय. ती म्हणते, देवळाजवळच्या चढावर रोज थांबतात, खाली वाकून बुटाची लेस बांधतात. आता लिहिताना लक्षात आलं, त्यांच्या बुटांना लेसच नाही. वेल्क्रो आहे.

सुमनताई: मग वेळेचा प्रश्न बाजूला ठेव. आजच डॉक्टरांना फोन कर. दाखवेपर्यंत चालणं बंद. सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी, लिहून दिली असेल तर खिशात असू दे, लागली तर बसून जिभेखाली. बसल्या जागी दुखलं किंवा पाच मिनिटांत थांबलं नाही, तर १०८.

तळजाईवाला: ताई बरोबर सांगतायत. बायपासच्या आधी चार महिने मीही असाच थांबायचो, आणि बायकोला सांगायचो की मोर बघतोय. त्यांना रागावू नका, शेजारी बसून विचारा.

दीपक_ठाणे: वेल्क्रोचे बूट कुठे मिळाले? वडिलांना वाकता येत नाही.

गोदाकाठची: विचारलं. म्हणाले, "जरा आवळल्यासारखं होतं, थांबलं की जातं. तुम्ही घाबराल म्हणून बोललो नाही." डॉक्टरांनी लगेच बोलावलंय, ईसीजी काढणार आहेत. रिक्षा खाली आलीय. आईने गोळ्यांचा डबा आणि डिस्चार्जची फाईल घेतलीय. सुमनताई, आल्यावर लिहिते.