मदत हवी आहे: कृतिसंशोधनाची टी-टेस्ट एक्सेलमध्ये येतच नाही, सोमवारी अहवाल द्यायचाय

ज्वारीचं कणीस
नमस्कार. एक्सेल येणारं कुणी आहे का, अर्जंट आहे. वाचनावर कृतिसंशोधन केलंय, पूर्वचाचणी उत्तरचाचणी दोन्ही झाल्या, सरासरी 1.75 वरून 2.68 झालीये म्हणजे उपक्रम यशस्वी आहे हे दिसतंच आहे, पण केंद्रप्रमुख सर म्हणाले नुसती सरासरी नको, टी-टेस्ट लावा, म्हणजे वाढ योगायोगाची आहे का ते तपासा. व्हिडिओ बघून टी.टेस्ट टाकलं, शेवटी 1 टाकायला सांगितलंय तेही टाकलं, तर उत्तराच्या जागी हॅश एनए येतं. दुसऱ्या लॅपटॉपवर पण तेच. कृपया फक्त फॉर्म्युला सांगा, बाकी सगळं लिहून झालंय.

खडूफळा
मॅडम, कशाला डोक्याला ताप. माझ्याकडे बी.एड.च्या वेळचे तयार अहवाल आहेत, प्रास्ताविक गरज उद्दिष्टे परिकल्पना सगळं साच्यात. नावं आणि आकडे बदलले की झालं. मेसेज करा.

आकडेमोड
दोन्ही रकान्यांत आकडे किती आहेत? आणि 1.75 हे कशापैकी?

ज्वारीचं कणीस
@खडूफळा तयार नको सर, खरंच केलंय काम.
@आकडेमोड पायऱ्या आहेत हो. प्रारंभिक 0, अक्षर 1, शब्द 2, परिच्छेद 3, गोष्ट 4. असर म्हणजे ते गावोगावी मुलांचं वाचन तपासणारं सर्वेक्षण, त्याची असते तीच. फॉर्म्युला?

आकडेमोड
रकान्यांत आकडे किती ते सांगितलं नाहीत.

निवृत्त मास्तर
कृतिसंशोधनात टी-टेस्ट हवीच कशाला? शिक्षकाला वर्गात अडचण आली, त्याने उपाय करून पाहिला, जमलं की नाही ते लिहिलं, संपलं. 1950च्या दशकात अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी शिक्षकांसाठी ही पद्धत मांडली ती शिक्षकाला स्वतःचं काम सुधारता यावं म्हणून. आपल्याकडे त्याचा परीक्षेचा पेपर झाला. शून्य परिकल्पना, म्हणजे उपक्रमाने काहीच फरक पडत नाही हे गृहीतक, लिहिल्याशिवाय अहवाल घेतच नाहीत. बरं पण उपक्रम काय केला ते कुठे लिहिलंय?

ज्वारीचं कणीस
वाचनकट्टा. दिवेलागणीला समाजमंदिरात तासभर. आया येतात, आज्ज्या येतात, गावातल्या अकरावीच्या दोन पोरी येतात. मुलं इयत्तेने नाही बसवत, पायरीने बसवते. अक्षरवाले एका गटात, शब्दवाले दुसऱ्या. ज्या आयांना वाचता येत नाही त्या नुसत्या मांडी घालून ऐकतात, पोरगं अडलं की म्हणतात पुन्हा म्हण. दोघी तर आता स्वतः पाटी घेऊन बसायला लागल्यात. पण ते अहवालात नाही घेतलं, विषय मुलांच्या वाचनाचा आहे.

ढगाळ
अहो हे आधी सांगायचं ना!! टी-टेस्ट राहू द्या, हाच तर अहवाल आहे.

पुणेरी पालक
माझी मुलगी दुसरीत आहे, आम्ही एक अ‍ॅप घेतलंय त्यात मूल वाचतं आणि अ‍ॅपच चूक सांगतं, पायरी पण आपोआप ठरते. मोबाईल तर आता खेड्यात पण सगळ्यांकडे आहेत. सेमी इंग्लिश आहे का तुमच्याकडे? नसेल तर आधी ते करा, पटसंख्या टिकेल.

ज्वारीचं कणीस
सेमीचं विचारलं नाहीये मी.

आकडेमोड
टी.टेस्टला शेवटचा आकडा 1 दिला की ती जोडीची चाचणी होते, म्हणजे त्याच मुलाचे आधीचे आणि नंतरचे गुण शेजारी. दोन्ही रकाने सारख्या लांबीचे नसले की एनए येतं. तुमच्या एका रकान्यात मुलं कमी आहेत, लॅपटॉप कितीही बदला. कोण गळलं?

ज्वारीचं कणीस
हां. पूर्वचाचणीला 24, उत्तरचाचणीला 19. पाच मुलं गेली आईबापासोबत ऊसतोडणीला. जुलैमध्ये पहिली घेतली, दुसरी आत्ता जानेवारीत. ती गावातच नव्हती तर चाचणी कुणाची घेणार. मग शेवटी 2 टाकू का, दुसऱ्या व्हिडिओत 2 टाकलंय आणि त्यात उत्तर येतंय.

खडूफळा
टाका 2, येतंय ना उत्तर. वर कुणी फॉर्म्युला उघडून बघत नाही.

आकडेमोड
2 टाकू नका. 2 म्हणजे हे दोन वेगळेच गट आहेत असं एक्सेलला सांगणं, तुमची मुलं तर तीच आहेत. ती पाच कुठल्या पायरीवर होती जुलैत?

ज्वारीचं कणीस
चार अक्षरावर, एक प्रारंभिकला.

आकडेमोड
तेच वाटलं. म्हणजे पाच जणांची बेरीज 4. सगळ्या 24 ची बेरीज 42 असणार, कारण सरासरी 1.75. राहिलेल्या 19 ची मग 38, म्हणजे त्यांची सरासरी जुलैतच 2.00 होती. कुणी एक अक्षर नवीन शिकलं नाही तरी नुसती ही पाच मुलं ट्रकमध्ये बसली की वर्गाची सरासरी पाव पायरीने वर जाते. तुम्ही दाखवलेली वाढ 0.93, त्यातली 0.25 ही. खरी 2.00 वरून 2.68, म्हणजे 0.68. ती पण काही कमी नाही. 19 मध्ये वर किती गेले, खाली किती?

ज्वारीचं कणीस
11 वर गेले, त्यातले चार दोन-दोन पायऱ्या. 6 तिथेच. 2 एकेक पायरी खाली आले, त्यातला एक त्या दिवशी तापाने फणफणला होता.

सांख्यिकी काका
मध्ये बोलतो. पायऱ्यांवर टी-टेस्ट मुळात शोभत नाही. अक्षरावरून शब्दावर जाणं आणि परिच्छेदावरून गोष्टीवर जाणं हे दोन्ही 1 धरायचे हे कुणी ठरवलं? साधी चिन्ह चाचणी लावा. न हललेली 6 बाजूला ठेवा, राहिली 13. उपक्रमाने काहीच होत नसेल तर वर जाणं खाली जाणं म्हणजे छापाकाटा. 13 वेळा नाणं उडवून दोन किंवा त्याहून कमी काटे पडायची शक्यता 8192 मध्ये 92, शंभरात एकच्या थोडी वर. दोन्ही बाजू धरल्या तर त्याच्या दुप्पट. पाटीवर होतं, एक्सेल नको.
दुसरं, मागे पडलेली मुलं निवडून त्यांची पुन्हा चाचणी घेतली की काही न करता पण ती थोडी वर येतात, कारण पहिल्या दिवशी काहींचा दिवस वाईट होता. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. ते तपासलं का?

आकडेमोड
काका, त्यांनी मागे पडलेली निवडलेलीच नाहीत, सगळा वर्ग घेतलाय. तो मुद्दा इथे लागत नाही.

सांख्यिकी काका
सगळा वर्ग घेतलाय असं त्यांनी कुठे लिहिलंय?

ज्वारीचं कणीस
घेतलाय सगळा. तिसरी ते पाचवी. दोन शिक्षकी शाळा आहे, तिन्ही वर्ग एकाच खोलीत.

ढगाळ
इयत्ता आत्ता कळली 😄

निवृत्त मास्तर
पायरीने गट करायचं हे आज नवीन वाटतं, पण प्रथम या संस्थेचं बालसखीचं काम मुंबईत आणि बडोद्यात चालू होतं तेव्हाच तपासून झालंय. तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या मुलांना वस्तीतलीच एक मुलगी रोज दोनेक तास वेगळं घेऊन बसायची. कुठल्या शाळेला बालसखी द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणून तुलना खरी झाली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा निबंध 2007 चा, पुढे 2019 ला नोबेल मिळालं ते हेच दोघे आणि मायकेल क्रेमर. फायदा झाला, सगळ्यात जास्त खालच्या मुलांना. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने फायद्याचा बराच भाग ओसरला होता, हे सांगायला सगळे विसरतात.

गावगाडा
हे सगळं ठीक पण शाळा व्यवस्थापन समिती काय करते? मी दोन वर्षं अध्यक्ष होतो. समितीला आकडे दाखवा, ग्रामसभेत वाचून दाखवा, गाव आपोआप कामाला लागतं. लोकसहभागाशिवाय काही होत नाही.

निवृत्त मास्तर
अध्यक्ष, आपोआप लागत नाही. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात हेच करून पाहिलं होतं. काही गावांत बैठका घेऊन समितीचे अधिकार समजावले, काही ठिकाणी गावकऱ्यांनीच मुलांचं वाचन तपासून गावाला सांगितलं. शाळेत काही फरक पडला नाही. जिथे गावातल्याच पोरापोरींना शिकवायची पद्धत दाखवून शाळेबाहेर वाचनवर्ग घ्यायला लावले, तिथे येणाऱ्या मुलांचं वाचन सुधारलं. लोकांना माहिती पुरत नाही, करण्याजोगं काम हातात लागतं. मॅडमच्या समाजमंदिरात तेच चाललंय.

गावगाडा
उत्तर प्रदेशचं इथे लागू नाही. आमच्या गावात आकडे वाचले आणि दुसऱ्याच महिन्यात संरक्षक भिंत झाली.

ढगाळ
भिंतीने वाचता यायला लागलं का पोरांना?

गावगाडा
भिंत नव्हती तेव्हा शेळ्या वर्गात यायच्या, तेव्हा वाचायचे का? उगाच विनोद करायचा म्हणून करू नका.

बीएलओ
मॅडम हे सगळं करायला वेळ कुठून आणता? आम्ही मतदार यादी, यू-डायस, शिष्यवृत्तीचे फॉर्म, बँक खाती आधार लिंक, पोषण आहाराची नोंद यातून वर आलो की घंटा होते. वर आता पायाभूत साक्षरतेचे फोटो अपलोड करा. आधी जुन्या पेन्शनचं काय ते बोला मग संशोधन करू. बाय द वे आंतरजिल्हा बदलीचं पोर्टल कधी सुरू होणार कुणाला कळलंय का?

आकडेमोड
वेगळा धागा काढा दादा.
@ज्वारीचं कणीस अजून दोन प्रश्न. दोन्ही वेळा उतारा तोच होता का? आणि चाचणी घेतली कुणी?

ज्वारीचं कणीस
उतारा वेगळा, संच बदलून घेतला. घेतली मीच. अजून कोण घेणार, सोबतचे सर पहिली-दुसरी बघतात.

सांख्यिकी काका
आणि जुलै ते जानेवारी शाळा पण चालूच होती. वाचनकट्टा नसता तरी काही मुलं वर गेलीच असती. शेजारच्या वस्तीशाळेत तीच चाचणी घेतली असती तर कळलं असतं. चिन्ह चाचणी फक्त एवढंच सांगते की बदल योगायोगाचा वाटत नाही, कशामुळे झाला ते सांगत नाही.

ढगाळ
मग कट्ट्याला नियमित येणारी आणि न येणारी अशी तुलना करा, हजेरी असेलच.

आकडेमोड
ती फसवी होईल. ज्या आया रोज येतात त्यांची मुलं घरी पण बसत असणार. कट्ट्यामुळे पुढे गेली की तशा आईमुळे, कसं वेगळं करणार?

ढगाळ
अहो आईला तिथे आणणं हाच तर उपक्रम आहे! दोन्ही वेगळं कशाला करायचंय?

सांख्यिकी काका
ज्या आया आल्या नाहीत त्यांना उद्या आणलं तर त्यांच्या मुलांना पण तेवढाच फायदा होईल का, हे सांगायचं असेल तर वेगळं करावंच लागतं.

निवृत्त मास्तर
प्रौढांचं पण लिहा मॅडम, त्या दोघी पाटीवाल्यांचं. 1959 ला साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली होती, मोठी माणसं रात्री कंदिलाखाली शिकली, गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, पुढे राज्यभर पसरली. पण समारंभानंतर वाचायला काही हातात राहिलं नाही तिथे बरेच जण पुन्हा विसरले. तुमच्या आज्ज्या नातवाचंच पुस्तक वाचतायत, तिथे निदान पुस्तक तरी आहे.

ऊसकरी पोर
मी त्या पाचातला होतो असं समजा, फक्त पंधरा वर्षांपूर्वीचा. कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत राहिलो, तिकडची साखरशाळा, म्हणजे कारखान्यावरची आमच्यासाठीची शाळा, कधी असायची कधी नसायची. परत आलो तर मास्तर म्हणायचे विसरला सगळं. मॅडम त्या पाच जणांची चाचणी एप्रिलमध्ये आल्यावर घ्या. आणि हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आईबाप तोडणीला गेले तरी मुलं गावातच राहून शिकायच्या सोयीचा, प्रस्ताव का नाही केला, आजीजवळ राहिली असती.

ज्वारीचं कणीस
केला होता दादा. दोघांच्या घरी आजीच नाही, मोठ्या पोरीला लहान भावंडं सांभाळायला न्यावंच लागतं म्हणतात. बाकी तिघांना नेण्याआधी विचारलंच नाही कुणी. एप्रिलचं करते.
आत्ता फक्त 19 ठेवून 1 टाकलं, आलं उत्तर, 0.0055, म्हणजे नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता हजारात साडेपाच. काकांची छापाकाटा पण लिहिते, ती मला स्वतःला समजली तरी. पण एक सांगा, ती पाच मुलं मी कुठे लिहू, व्याप्ती व मर्यादामध्ये का परिशिष्टात? आणि उद्दिष्टांत तर मी इयत्ता तिसरी ते पाचवीचे सर्व विद्यार्थी असं टाइप केलंय.

आकडेमोड
मर्यादेत, पहिल्याच ओळीत, पायऱ्यांसकट. उद्दिष्ट आता बदलू नका, सर्व विद्यार्थी असंच राहू द्या आणि निष्कर्षात 24 पैकी 19 चं बोला. चाचणी स्वतःच घेतली तेही मर्यादेतच. तक्त्यात नावाऐवजी क्रमांक, 24 ओळी, पाच ओळींत उत्तरचाचणीचा रकाना रिकामा. शून्य भरू नका तिथे, एक्सेल ते प्रारंभिक समजेल.

खडूफळा
रिकामे रकाने बघून परत पाठवतील हो अहवाल. माझं ऐका.

ज्वारीचं कणीस
पाठवू दे परत.

बीएलओ
बदली पोर्टलचं कुणीच नाही सांगितलं.